मत्स्य-अधिवास सुधारणा (जलाशयांतील)

धरणाच्या जलाशयात माशांना लपायला, खायला आणि अंडी घालायला जागा करून देण्याचे काम. अमेरिकेत ते मुख्यतः लार्जमाउथ बास या माशासाठी चालते. राज्यांची मत्स्यखाती देखरेख करतात. अंगमेहनत बरीचशी गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींचे क्लब विनामोबदला करतात.

या कामाची गरज धरणानेच निर्माण केली. पाणी नव्याने साठते तेव्हा बुडालेली झाडेझुडपे माशांना उत्तम आसरा देतात. पुढे ती कुजतात, वर गाळ बसतो, आणि पातळी सतत वर-खाली होत राहिल्याने काठाला पाणवनस्पती मूळ धरत नाहीत. उघड्याबोडक्या तळावर पिल्लांचा निभाव लागणे कठीण.

अॅरिझोना-कॅलिफोर्निया सीमेवर, कोलोरॅडो नदीवरील पार्कर धरणामुळे (१९३८) तयार झालेला हवासू जलाशय हे ठळक उदाहरण. तेथे १९९२ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात सरकारी खाती आणि स्वयंसेवकांनी मिळून सुमारे ८७५ एकर क्षेत्रात कृत्रिम आसरे उभारले.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नाताळ सरल्यावर लोकांनी टाकून दिलेली झाडे. बुंध्याला सिमेंटचा पोकळ ठोकळा बांधून ती होडीतून सोडतात. वजन खाली असल्याने झाड तळावर उभे राहते. बारीक फांद्या मात्र थोड्याच वर्षांत झडतात, म्हणून हल्ली प्लास्टिकच्या नळ्यांचे सांगाडेही वापरतात. बुडवण्याआधी जलाशयाच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते. अशा आसऱ्यांमुळे मासे खरोखर वाढतात, की आहेत तेच एका जागी गोळा होऊन गळाला सोपे होतात, हा वाद जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. आसऱ्यांच्या जागांचे नकाशे अनेक राज्ये स्वतःच प्रसिद्ध करतात, यावरून मासे गळाला सोपे करण्याचा हेतूही लपून राहत नाही.

विणीच्या जागेचे महत्त्व मात्र वादातीत आहे. वसंतात पाणी साधारण १६ अंश सेल्सियसच्या वर गेले, की बासचा नर उथळ भागातला तळ शेपटीने झाडून बशीसारखा खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि पिल्ले नरच राखतो. या दिवसांत धरणातले पाणी झपाट्याने उतरले, तर घरटी उघडी पडतात आणि स्वयंसेवकांची मेहनत वाया जाते.

जपानमध्ये १९२५ साली आणलेला हाच मासा तेथे उपद्रवी ठरला. मियागी प्रांतातील इझुनुमा तलावात स्वयंसेवक बाससाठी कृत्रिम घरटी मांडतात, आणि त्यांत पडलेली अंडी काढून नष्ट करतात.