व्हिडिओवर फ्रेम-दर-फ्रेम काम करून घेण्याआधी

व्हिडिओ म्हणजे झरझर सरकणारे फोटो. आपल्याकडे शूटिंग साधारणपणे सेकंदाला २५ किंवा २४ फ्रेमवर होतं. म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटमध्ये २५० फोटो. उडण्याच्या शॉटसाठी नटाला टांगणारी कमरेची वायर पुसायची, तर ती या २५० फोटोंतून पुसावी लागते. ‘एवढंसं तर काम आहे’ असं वाटणाऱ्या शॉटला तीन-चार दिवस लागतात ते यामुळे. असं काम करून देणारे आम्ही भावही शॉट पाहून, सेकंदांवर ठरवतो.

नटाची कड फ्रेमागणिक गिरवून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करणं, याला आम्ही रोटो म्हणतो. मॅक्स फ्लायशर यांनी अमेरिकेत बनवलेल्या रोटोस्कोप यंत्रावरून हे नाव आलं. १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं. तेव्हा पडद्यावरची आकृती कागदावर हाताने गिरवत. आता मधल्या बऱ्याच फ्रेम सॉफ्टवेअर भरून देतं, पण मोकळे केस, झिरझिरीत पदर आणि झपकन हललेला हात इथे अजूनही माणूसच लागतो.

एक उदाहरण घ्या. गणेशोत्सवाच्या व्हिडिओत कृष्णाच्या बोटावर सुदर्शन चक्र फिरवायचंय. चक्र तयार करणं सोपं. ते बोटाबरोबर हलायला हवं, म्हणून आधी बोटाचं ट्रॅकिंग, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये बोट कुठे आहे ते टिपणं. चक्रापुढे येणाऱ्या बोटाचा रोटो. हात वेगाने फिरला की बोट फ्रेममध्ये अस्पष्ट होतं, तेव्हा चक्रही तेवढंच अस्पष्ट करायचं. सगळ्यांत जास्त वेळ उजेड खातो: चक्राचा प्रकाश गालावर, मुकुटाच्या कडेवर पडायला हवा. तो नसेल तर चक्र वरून चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून शूटिंगच्या वेळीच हाताशी छोटा एलईडी दिवा धरलात, तर आमचं निम्मं काम तिथेच होतं आणि दिसतंही जास्त खरं.

शूटिंगआधी एक फोन नक्की करा. ट्रायपॉड वापरा. नट बाजूला झाल्यावर कॅमेरा न हलवता पाच सेकंद रिकामी जागा शूट करा. वायर पुसल्यावर मागे काय भरायचं ते आम्हाला त्यातूनच मिळतं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड पडेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटची लुकलुकही त्यात सहसा येत नाही. मोबाइलवर शूट करताय? बऱ्याच फोनमध्ये फ्रेमची गती मधेच कमी-जास्त होते. ती स्थिर ठेवणारं अ‍ॅप वापरा.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे तो दाबला जातो, कडा चौकोनी तुकड्यांत फुटतात आणि रोटो धड बसत नाही. कॅमेऱ्यातली मूळ फाइल ड्राइव्हवर टाका किंवा पेनड्राइव्हने आणून द्या.

आणि एक कळकळीची विनंती: एडिटिंग पक्कं झाल्यावरच शॉट द्या, कटच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फ्रेम जास्त ठेवून. कट त्याहून लांबला, तर वाढलेली प्रत्येक फ्रेम नव्याने करावी लागते आणि तो खर्च तुमच्यावर पडतो. आम्ही आधी एका सेकंदाचा नमुना करून दाखवतो. तो मोबाइलवर पाहून होकार देऊ नका. मोठ्या पडद्यावर, थांबवून थांबवून पाहा, खटकेल ते तेव्हाच सांगा. तुमचा होकार आल्यावरच पुढच्या फ्रेमना हात लावतो.