साक्षीदार फितूर होतात तेव्हा: सर्च इंजिनच्या क्रमवारीची पार्श्वभूमी

‘कलम’ हा शब्द घ्या. आंब्याचं कलम असतं, कायद्याचं कलम असतं आणि लिहायचं कलमही असतं. ‘कलम कधी बांधावं’ असं कुणी विचारलं तर आपल्याला क्षणात कळतं की विषय बागेचा आहे. यंत्राने बाग पाहिलेली नाही. हजारो पानांतून नेमकं कामाचं पान वर काढायचं तर त्याला कुणाची तरी साक्ष काढावी लागते. पानावरचे शब्द काय सांगतात, इतर पानं त्याच्याविषयी काय सांगतात, आणि वाचायला आलेला माणूस तिथे थांबतो की लगेच माघारी फिरतो? क्रमवारीचा सगळा इतिहास हा या साक्षीदारांचा इतिहास आहे, असं मला वाटतं. आणि जो साक्षीदार महत्त्वाचा ठरला, त्याला फितवायला लोक कायम टपलेले होते.

पहिला साक्षीदार शब्द. ही गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1957 मध्ये मांडलं, की एखाद्या मजकुरात शब्द किती वेळा येतो यावरून त्याचा विषय ओळखता येईल. पण नुसती मोजदाद पुरत नाही. मराठीत मोजायला बसलात तर सगळ्यांत जास्त वेळा ‘आहे’ आणि ‘आणि’च सापडतील. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये यावर उपाय सुचवला: जो शब्द थोड्याच मजकुरांत सापडतो, त्याचं वजन जास्त धरायचं. समजा आपल्याकडे हजार मराठी पानं आहेत. ‘आहे’ जवळपास सगळ्यांत असेल, ‘कलम’ चाळीस पानांत आणि ‘भेटकलम’, म्हणजे कलम बांधण्याची एक पद्धत, फक्त तीन पानांत. शोधणाऱ्याने ‘भेटकलम’ लिहिलं, की त्या तीन पानांना सर्वाधिक भाव. किती साधी कल्पना, पण आजही ती शोधाच्या पायात आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी आपल्या ‘स्मार्ट’ या प्रणालीत अशा वजनांवर आधारलेला शोध वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतला.

त्या काळातले मजकूर म्हणजे शोधनिबंध आणि ग्रंथालयातल्या नोंदी. लिहिणाऱ्याला यंत्राला फसवण्याचं काहीच कारण नव्हतं. वेब आल्यावर हे चित्र पार पालटलं. 1994 मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या शोधसाधनाकडे सुमारे 1,10,000 पानांची सूची होती. डिसेंबर 1995 मध्ये अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन सुरू झालं आणि 1997 च्या अखेरीस त्याच्याकडे दिवसाला सुमारे दोन कोटी शोध येत असल्याचं सांगितलं जात होतं. एवढे डोळे जिथे वळतात तिथे दुकानं लागणारच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा, वाचकाला न दिसणाऱ्या ‘कीवर्ड’च्या रकान्यात विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द भरायचे, असे प्रकार सुरू झाले. तो रकाना इतका बदनाम झाला, की वेबच्या शोधात आपण तो विचारातच घेत नाही, असं गूगलने 2009 मध्ये उघड सांगितलं. पानाने स्वतःबद्दल दिलेली साक्ष अशी मातीमोल झाली.

मग दुसऱ्यांना विचारायचं ठरलं. याचं मूळ पुन्हा ग्रंथालयातच सापडतं. युजीन गारफिल्ड यांनी 1960 च्या दशकात विज्ञानातल्या संदर्भांची सूची काढायला घेतली होती: कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख कोणी कोणी केला, याची नोंद. एका पानावरून दुसऱ्या पानाला दिलेली लिंक हाही असाच उल्लेख, हे स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज यांनी हेरलं. 1996 मध्ये त्यांनी आणि सर्गे ब्रिन यांनी ‘बॅकरब’ नावाने काम सुरू केलं, तेच पुढे गूगल झालं. लिंकवरून पानाचं वजन काढण्याच्या त्यांच्या पद्धतीचं नाव पेजरँक. तिच्यावरच्या मूळ लेखात स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेरी विनोग्राड यांच्याबरोबर आपल्या जम्मूत जन्मलेले राजीव मोटवानी हेही सहलेखक आहेत.

पेजरँकमध्ये खरी गंमत आहे ती मत मोजण्याच्या पद्धतीत. प्रत्येक लिंक हे एक मत, पण सगळी मतं सारख्या वजनाची नाहीत. समजा एका पानाचं वजन 10 आहे आणि त्यावरून दोनच लिंक बाहेर जातात, तर प्रत्येकीच्या वाट्याला 5 येतात. तेच पान शंभर ठिकाणी लिंक देत असेल, तर प्रत्येकीला जेमतेम 0.1. जो ऊठसूट सगळ्यांची शिफारस करतो त्याच्या शब्दाला गावात किंमत नसते, तसंच हे. आता त्या पानाचं 10 हे वजन तरी कुठून आलं? त्याला लिंक देणाऱ्या पानांकडून. आणि त्यांचं? त्यांना देणाऱ्यांकडून. म्हणून सुरुवातीला सगळ्यांना सारखं वजन देऊन हिशेब पुन्हा पुन्हा करतात आणि आकडे हलायचे थांबले की थांबतात. एकमेकांनाच लिंक देणाऱ्या पानांच्या टोळक्यात सगळं वजन अडकून राहू नये, म्हणून एक युक्ती केली होती: वाचक 85 टक्के वेळा लिंकवरून पुढे जातो आणि उरलेल्या 15 टक्के वेळा कंटाळून कुठल्या तरी भलत्याच पानावर उडी मारतो, असं धरायचं.

एप्रिल 1998 मध्ये ब्रिस्बेनच्या परिषदेत ब्रिन आणि पेज यांनी 2 कोटी 40 लाख पानांवर उभारलेलं हे यंत्र मांडलं. त्या लेखातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. नोव्हेंबर 1997 मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच, स्वतःचं नाव शोधल्यावर, पहिल्या दहा निकालांत स्वतःचं पान दाखवता येत होतं. त्याच लेखाच्या परिशिष्टात असंही लिहिलं आहे, की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकलेली आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाणारी असतील. हा विषय समजून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते परिशिष्ट वाचावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

लिंकही फितूर झाल्याच. लिंकची खरेदी-विक्री सुरू झाली, एकमेकांना टेकू देणाऱ्या पानांची शेतं उभी राहिली, लोकांच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांत लिंकांचा पाऊस पडू लागला. जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘ही लिंक मत म्हणून धरू नका’ असं सांगणारी खूण स्वीकारली. विकतच्या लिंकांवर मोठा घाव मात्र एप्रिल 2012 मध्ये गूगलच्या क्रमवारीतल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने घातला.

त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 2011 मध्ये, ‘पांडा’ आला होता. अभियंता नवनीत पांडा यांच्यावरून हे नाव पडलं. तेव्हा गूगलच्या क्रमवारीची धुरा अमित सिंघल यांच्याकडे होती. ते झाशीत जन्मलेले आणि कॉर्नेलला सॉल्टन यांच्याच हाताखाली शिकलेले. पांडासाठी त्रयस्थ लोकांना पानं दाखवून प्रश्न विचारले गेले. या संकेतस्थळाला तुमच्या क्रेडिट कार्डाचा तपशील द्याल का? हा लेख छापील मासिकात किंवा कोशात शोभला असता का? लोकांच्या उत्तरांशी जुळेल असा निवाडा करायला मग यंत्राला शिकवलं. अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांचे निकाल त्यामुळे हलले. मजकुराचा दर्जा माणसाला विचारून ठरवण्याची ही वाट पुढे रुंदच झाली. शोधाचे निकाल तपासायला नेमलेल्या परीक्षकांसाठीची गूगलची मार्गदर्शिका 2015 पासून सगळ्यांना वाचायला खुली आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिच्यात अधिकार, जाणकारी आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ आला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हे पाहणं. या परीक्षकांच्या गुणांनी एखादं पान थेट वर-खाली होत नाही. केलेला बदल योग्य दिशेने गेला की नाही, हे त्यावरून तपासतात.

या सगळ्या प्रवासात मराठी पानं कुठे होती? बराच काळ दाराबाहेर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, पण 2000 नंतरही कित्येक मराठी वृत्तपत्रांची पानं स्वतःच्या खास फाँटमध्ये होती. त्यांत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असायचं आणि फाँट त्याला ‘क’चं रूप द्यायचा. वाचकाला बातमी दिसायची, सर्च इंजिनला अगम्य अक्षरांची रास. पान कितीही चांगलं असो, साक्ष द्यायलाच ते उभं राहू शकत नव्हतं. युनिकोड रुळल्यावरही अडचणी संपल्या नाहीत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. शिवाय आपली सामान्यरूपं आहेत. इंग्रजीत शेवटचा एस काढला की बरंच काम भागतं. आपल्याकडे ‘देऊळ’चं ‘देवळात’ होतं आणि ‘पाणी’चं ‘पाण्याला’. हे एकच शब्द आहेत हे ज्याला कळत नाही, त्याची मोजदाद पहिल्या पायरीलाच चुकते.

म्हणून 2019 चा बदल मला मराठीसाठी सर्वांत मोठा वाटतो. ऑक्टोबरमध्ये गूगलने इंग्रजी शोधात ‘बर्ट’ हे भाषेचं प्रारूप आणलं, आणि डिसेंबरमध्ये ते सत्तरहून अधिक भाषांत गेलं. त्यांत मराठी होती. शब्दाचा अर्थ त्याच्या मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडणं हे त्याचं काम, आणि ‘कलम कधी बांधावं’ला हवं असतं ते हेच.

वाचकाच्या वागण्याची साक्ष किती मोलाची, हे मात्र कोर्टात उघड झालं. क्रमवारी लावताना लोकांचे क्लिक विचारात घेतात की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात, ऑक्टोबर 2023 मध्ये, गूगलच्या शोध विभागातले पांडू नायक यांनी ‘नेव्हबूस्ट’ या प्रणालीविषयी साक्ष दिली. लोकांनी कोणत्या शोधानंतर कशावर क्लिक केलं, याचा 13 महिन्यांचा साठा ही प्रणाली वापरते. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. त्यातही वापरकर्त्यांच्या या माहितीच्या साठ्याला मोठं महत्त्व आहे.

‘सातबारा उतारा’ शोधल्यावर जो लेख उघडतो, तो अनेकदा ‘मित्रांनो, सातबारा उतारा म्हणजे काय, सातबारा उतारा कसा काढावा हे आज आपण सातबारा उताऱ्याच्या या लेखात पाहणार आहोत’ असा सुरू होतो. ही 1997 चीच युक्ती, मराठीत. गावाकडून मोबाइलवर उतारा शोधणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ तिने खाल्लेला पाहून मला मनापासून वाईट वाटतं. ती अजून टिकून का असावी? इंग्रजीत एकाच प्रश्नावर लाखो क्लिक आणि हजारो लिंक जमतात. भेटकलमावरच्या मराठी पानाला इतर पानांवरून कुणी लिंक देत नाही, कारण आपण ते व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो, आणि तिथली शिफारस सर्च इंजिनच्या कानावर जात नाही. वर्षभरात ते शोधणारे मोजके असले तर क्लिकही मोजकेच. मग यंत्राच्या हाती बहुतेक पानावरचे शब्दच उरतात, लून यांनी 1957 मध्ये मोजायला सांगितलेले.