थरारपट पाहताना प्रेक्षक हवेत काय सोडतात?

'गुड टाइम' हा 2017 सालचा अमेरिकन गुन्हेपट. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले दोन भाऊ बँक लुटतात, पैशांच्या पिशवीत लपवलेली रंगाची पुडी फुटते आणि बौद्धिक अपंगत्व असलेला निक पोलिसांच्या हाती लागतो. दुसरा भाऊ कॉनी त्याच्या जामिनाच्या पैशांसाठी रात्रभर शहर पालथे घालतो. कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला आणि संगीतकार डॅनियल लोपाटिनचे सिंथेसायझर कानाला उसंत न देणारे. हा चित्रपट आवडलेले आणि न आवडलेले, दोघेही त्याबद्दल शरीराच्या भाषेत बोलतात: मान आखडली, तळहात ओले झाले, श्वास कोंडला.

यातला 'श्वास कोंडला' हा शब्दप्रयोग विज्ञानाच्या फार कामाचा आहे, कारण प्रेक्षकांचा थरार खरोखर त्यांच्या उच्छ्वासात मोजता येतो. जर्मनीतल्या माइन्त्स शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या जोनाथन विल्यम्स यांच्या गटाने हे 2013-14 च्या हिवाळ्यात करून दाखवले. प्रेक्षकांच्या अंगाला एकही तार न लावता, चित्रपटगृहातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेच्या नळीला त्यांनी यंत्र जोडले आणि दर 30 सेकंदांनी नोंद घेतली. 16 चित्रपट, 108 खेळ, सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षक. एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या खेळांत, वेगवेगळ्या माणसांसमोर, उत्कंठेच्या त्याच प्रसंगांना आलेख उसळी घेत होता. सर्वांत ठळकपणे उसळणारे दोन वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन.

आयसोप्रीन म्हणजे पाच कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा छोटा रेणू. तो 34 अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे शरीराच्या तापमानाला वायूच होऊ पाहतो. त्याच्याच लांब साखळ्यांपासून नैसर्गिक रबर बनते. दोडामार्गच्या बागांत झाडाला काप देऊन जो चीक काढतात त्यात हीच साखळी असते. माणसाच्या शरीरातही तो सतत तयार होतो. तो यकृतात बनतो असा समज बरीच वर्षे होता. आता पुरावा स्नायूंकडे बोट दाखवतो: आयडीआय2 या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या लोकांच्या उच्छ्वासात आयसोप्रीन जवळजवळ नसतेच, आणि हे जनुक मुख्यतः सांगाड्याच्या स्नायूंत काम करते.

स्नायू शांत असताना हा वायू तिथेच साठत राहतो. स्नायू आवळला की त्यातले रक्ताभिसरण वाढते, साठा रक्तात येतो, आणि रक्तात तो फारसा विरघळत नसल्यामुळे फुप्फुसात पोचताच हवेत निसटतो. सायकलचे पेडल मारायला सुरुवात केल्यावर पहिल्याच मिनिटात उच्छ्वासातले आयसोप्रीन तीन-चारपट होते. पुढची गोष्ट अधिक रंजक. पेडल चालूच ठेवले तरी हे प्रमाण खाली येते, कारण साठा उपसला गेलेला असतो. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा सुरुवात केली, तर दुसरी उसळी पहिलीपेक्षा ठेंगणी येते.

खुर्चीत बसलेला प्रेक्षक पेडल मारत नाही, पण दचकतो, पाय आखडतो, हाताची मूठ वळतो, सरकून बसतो. तेवढे पुरते.

मोजायचे कसे? यंत्रात पाण्याच्या वाफेपासून बनवलेले हायड्रोनियम आयन असतात. ते आपला जादा प्रोटॉन समोर आलेल्या रेणूला देतात, मात्र त्या रेणूला पाण्यापेक्षा प्रोटॉनची ओढ अधिक असेल तरच. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना ही ओढ कमी, म्हणून हवेचा 99 टक्क्यांहून अधिक भाग यंत्राला दिसतच नाही. आयसोप्रीनचे रेणुवस्तुमान 68. प्रोटॉन घेतल्यावर ते 69 वर नोंदले जाते. कार्बन डायऑक्साइडसाठी अर्थातच वेगळा मापक लावावा लागतो.

आता थोडे अंकगणित, कारण प्रयोगाची खरी गंमत त्यात आहे. समजा 1200 घनमीटरचे सभागृह, 200 प्रेक्षक आणि तासाला 6000 घनमीटर ताजी हवा. प्रत्येक जण मिनिटाला 8 लिटर श्वास सोडतो, म्हणजे एकूण 1600 लिटर. पंखे मिनिटाला एक लाख लिटर हवा बदलतात. उच्छ्वास सुमारे 62 पट विरळ होतो. उच्छ्वासातले आयसोप्रीन अब्जात 100 भाग धरले, तर सभागृहात उरते 1.6. आता 30 सेकंदांसाठी सगळ्यांचे प्रमाण दुप्पट झाले तर? भर पडते फक्त 0.07 ची, म्हणजे जेमतेम चार टक्के. शिवाय 1200 भागिले 6000 म्हणजे 0.2 तास, अर्थात 12 मिनिटे. त्या वाढीचा ओसर एवढ्या सावकाश होतो. पुढचा धक्का पाच मिनिटांत आला तर तो आधीच्याच्या शेपटीवर बसतो. म्हणून प्रमाणाकडे नुसते पाहून चालत नाही. दर क्षणाला प्रमाण किती वेगाने बदलते ते सभागृहाच्या घनफळाने गुणायचे, त्यात बाहेर वाहून गेलेला वायू मिळवायचा, तेव्हा त्या क्षणी प्रेक्षकांनी खरोखर किती सोडले ते कळते.

बिघडण्याच्या जागाही पुष्कळ. उशिरा येणारे जिने चढून येतात, त्यांचे स्नायू आधीच हललेले. मध्यंतरात सगळेच उठतात. दार उघडे राहिले की हवेचा हिशेब चुकतो. तीच हवा फिरवणारे वातानुकूलन असेल तर सगळ्या उसळ्या एकमेकींत मिसळतात. म्हणूनच एका खेळावरून काहीही म्हणता येत नाही. तोच प्रसंग अनेक खेळांत जुळावा लागतो.

याच हिशेबात कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे 640 भागांनी वाढून हजाराच्या पुढे जाते. बंद खोलीत डोके जड झाले की 'नकारात्मक ऊर्जा' काढण्यासाठी स्फटिक आणि पिरॅमिड विकणारे लोक आहेत. तिथे आधी खिडकी उघडावी. 'भीतीचा वास ओळखून तुमचा चित्रपट हिट करू' असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे: आयसोप्रीन स्नायू आवळल्याचे सांगते, भीतीने की हसण्याने ते सांगत नाही.

तरीही त्याचा एक उपयोग दिसला आहे. याच गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 चित्रपटांचे 135 खेळ तपासले, तेव्हा जर्मनीतल्या वयोगट प्रमाणपत्रांशी आयसोप्रीनचे मोजमाप चांगले जुळले. आपल्याकडे 2024 पासून यूए प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 असे टप्पे आले आहेत. तिथे समितीच्या निर्णयाला अशा मोजमापाची जोड देता येईल.

आणि 'गुड टाइम'सारखा उसंत न देणारा चित्रपट? स्नायूंचा साठा भरायला स्वस्थपणा लागतो, आणि कॉनीची रात्र तो क्वचितच देते. तेव्हा माझा अंदाज असा, की इथे उंच सुळके दिसणार नाहीत. आयसोप्रीन सुरुवातीच्या दरोड्यापाशी उसळेल आणि नंतरचे धक्के कितीही मोठे असले तरी ठेंगणे पडत जातील. कार्बन डायऑक्साइडला असा साठा रिकामा होण्याची अडचण नाही; ते शेवटपर्यंत चढे राहील. हे दोन आलेख एकमेकांपासून किती दूर जातात, त्यावरून प्रेक्षकांना मधे किती विसावा मिळाला ते कळेल.