लैंगिक अत्याचाराची तक्रार: संमतीचा कायदेशीर अर्थ, प्रक्रिया आणि कागदपत्रे

लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवण्यासाठी पीडितेने ओळखपत्र, साक्षीदार किंवा वैद्यकीय अहवाल सोबत नेण्याची अट कायद्यात कोठेही नाही. हे आधीच सांगणे भाग आहे, कारण "आधी तपासणी करून या", "घरच्या कोणाला तरी घेऊन या" अशा उत्तरांनी एखादी मुलगी पोलीस ठाण्याच्या दारातूनच माघारी फिरू शकते. जे घडले ते तिच्या संमतीवाचून घडले, एवढे तिचे सांगणे गुन्हा नोंदवण्यास पुरेसे असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे त्या विशिष्ट लैंगिक कृत्यात सहभागी होण्याची इच्छा शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे कळवणे. त्यामुळे पूर्वी संबंध होते, ती स्वतःहून त्याच्या खोलीवर गेली होती किंवा आधी एका गोष्टीला हो म्हणाली होती, यावरून पुढच्या कृत्याची संमती गृहीत धरता येत नाही. जिवाच्या किंवा इजेच्या भीतीपोटी दिलेला होकार, तसेच नशेमुळे किंवा मानसिक अस्वस्थतेमुळे परिणाम न समजता दिलेला होकार कायदा मानत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत होकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीने संमती दिली असे समजता येणार नाही, हे याच कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. हे वाक्य कायद्यात सहजासहजी आलेले नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने विरोध केल्याचे दिसत नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर उठलेल्या देशव्यापी संतापातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली आणि संमतीची आजची व्याख्या २०१३ मध्ये, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत, आली. भीतीने माणूस थिजून जातो, हे मान्य करायला कायद्याला इतकी वर्षे लागली.

कायद्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. १८ वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती अजूनही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे, आणि हा अपवाद अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अशा स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली संरक्षण मागता येते, कारण त्यात लैंगिक छळाचा समावेश आहे. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही पॉक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) लागू होतो.

घटना कोठेही घडलेली असली तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तेथे झिरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची शून्य क्रमांकाने केलेली नोंद) नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो, आणि ती दिव्यांग असल्यास तो तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, गरजेनुसार दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून तक्रार पाठवल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. सही करण्यापूर्वी जबाब पूर्ण वाचून घ्यावा. "त्याने धरून ठेवले" असे सांगितलेले असताना कागदावर "सोबत थांबले" असे उतरले असेल, तर तो बदल तिथेच करून घ्यावा, कारण पुढे उलटतपासणीत अशाच एखाद्या शब्दावर बोट ठेवले जाते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तरीही दखल घेतली गेली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बलात्काराची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे.

उपचारांसाठी तक्रारीची वाट पाहू नये. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार पीडितेवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे, मात्र रुग्णालय पोलिसांना कळवते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर घेतली तितकी उपयोगी ठरते. पुराव्यासाठीची तपासणी मात्र तिच्या संमतीनेच होते, आणि ती नाकारली तरी उपचार थांबवता येत नाहीत. शक्य असल्यास या तपासणीआधी आंघोळ करू नये आणि घटनेच्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, पण हे राहून गेले म्हणून तक्रार कमकुवत समजून घरी बसू नये. "टू फिंगर टेस्ट" (योनीमार्गात दोन बोटे घालून केलेली तपासणी) करणे म्हणजे गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. असा प्रयत्न झाल्यास ठाम नकार द्यावा.

कागदपत्रांचा खरा प्रश्न येतो तो अर्थसाहाय्याच्या वेळी. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेखाली प्रकरणाच्या स्वरूपानुसार १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. सोबत एफआयआरची प्रत, उपलब्ध असल्यास वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील ठेवावा व अर्जाची पोच घ्यावी. आरोपी सापडला नाही किंवा खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडितेला भरपाईसाठी अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असे कायदा सांगतो. याच प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी, तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा १८१, आणि बालकांसाठी १०९८ वर संपर्क साधावा.