फैजपूरचा ठराव आणि चार देशांचे स्वातंत्र्य

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून नगरी सजवली, साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले. खान्देशात ही आठवण अभिमानाने काढली जाते, पण तिथल्या एका ठरावाकडे फारसे कोणी वळत नाही. ब्रिटिशांनी भारताच्या कारभारासाठी केलेला १९३५ चा कायदा आम्हाला नको. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीनेच राज्यघटना लिहावी, असे तो ठराव सांगत होता.

घटना आपणच लिहायची तर स्वातंत्र्य कोणापासून जपायचे, हेही आपणच ठरवावे लागते. ज्या देशाने ज्याची झळ सोसली, त्यापासूनच त्याने संरक्षण मागितले, असे इतिहास पाहता वाटते.

ब्रिटनने राजाची मनमानी सोसली होती. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने राजाला वेसण घातली आणि संसदेचे पारडे जड झाले. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क सरकारच्या आधीचे, ही मांडणी इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने त्याच सुमारास केली. अमेरिकेने ती उचलली आणि १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत संसदेचेच हात बांधले: भाषण व वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य कमी करणारा कायदाच करायचा नाही. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यावर तत्त्वज्ञ रूसोची छाप आहे. कायदा ही सर्वांची सामूहिक इच्छा, म्हणून बोलण्याच्या गैरवापराचा जाबही कायदाच विचारणार. जर्मनीत हिटलर लोकशाहीच्याच दारातून आत आला. त्यामुळे १९४९ च्या घटनेने मानवी प्रतिष्ठा पहिल्याच कलमात ठेवली आणि लोकशाही मोडू पाहणाऱ्या पक्षांवर बंदीची सोय केली. १९५२ मध्ये एका नव-नाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर ती वापरलीही गेली.

आपल्याकडचा अनुभव तुरुंगाचा. राजद्रोहाखाली टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. दोघेही ब्रिटिशांचे कैदी. घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्याला मर्यादा म्हणून आलेला ‘राजद्रोह’ घटना समितीने डिसेंबर १९४८ मध्ये, क. मा. मुन्शी यांच्या दुरुस्तीनंतर, काढून टाकला, तो या पार्श्वभूमीवर. ही समिती प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली होती. फैजपूरला मागितला तसा प्रौढ मताधिकार त्या निवडणुकीला नव्हता. तो पुढे घटनेनेच दिला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले.

मात्र दंडसंहितेतले राजद्रोहाचे १२४ अ कलम तसेच राहिले. १९५० मध्ये ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरची मद्रास राज्यातली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली. तिने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे नवे कारण देऊन सरकारचा हात मोकळा केला, हे खरे. पण निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही तिनेच भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादा सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये घातली, हे सहसा सांगितले जात नाही. निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते, ते याच अटीमुळे.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ ची अंमलबजावणी थांबवली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मध्ये राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दल जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. १९(२) मधल्या ‘वाजवी’ची कसोटी आता या कलमालाही लावावी लागेल.