वयात येण्याची घाई आणि औषधांच्या चाचण्या

मुलगी सात वर्षांची. छातीत गाठ लागते म्हणून दाखवायला आणलेली. तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात, गाठबीठ काही नाही, ही वयात येतेय. आईवडील हे पचवत असतानाच कधीकधी दुसरा प्रश्न पुढ्यात येतो: एका नव्या इंजेक्शनची क्लिनिकल ट्रायल चालू आहे, हिला त्यात घ्यायचं का? ‘प्रयोग’ हा शब्द मनात येतो आणि पोटात गोळा उठतो. तो गोळा समजण्यासारखा आहे. पण या आजाराच्या ट्रायल नेमक्या कशाच्या असतात हे कळलं, तर भीती योग्य जागी ठेवता येते.

मुलींमध्ये ८ आणि मुलग्यांमध्ये ९ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर त्याला अकाली म्हणतात. बऱ्याचदा याची सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक थांबून थांबून सोडू लागतो, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि तिच्या हुकमावरून बीजकोश किंवा वृषण कामाला लागतात. या छोट्याशा रेणूची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्यावर काम करणाऱ्या अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

खरी गंमत १९७८ मध्ये कळली. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांना हे संप्रेरक तासातासाने दिलं, तेव्हा पिट्युटरी चालू राहिली. तेच अखंड दिलं, तेव्हा ती गप्प झाली. कडी थांबून थांबून वाजली की आतला माणूस दार उघडतो. सारखीच वाजत राहिली की तो कानांवर हात ठेवतो. उपचार याच युक्तीवर उभा आहे: नकली जीएनआरएच सतत द्यायचं. १९८१ मध्ये अमेरिकेत दोन ते आठ वर्षांच्या फक्त पाच मुलींवर याची चाचणी झाली. संप्रेरकं खाली आली, औषध थांबवल्यावर ती पुन्हा वर गेली. हे परत फिरणं फार महत्त्वाचं होतं, कारण दार कायमचं बंद होत नाही हे त्यातून दिसलं.

त्यानंतर ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, हिस्ट्रेलिन अशी याच घराण्यातली औषधं आली. म्हणून या क्षेत्रातल्या बऱ्याच ट्रायलमध्ये रसायन नवं नसतं, ते टिकवण्याची रीत नवी असते. दर महिन्याचं इंजेक्शन तीन महिने पुरेल का, सहा महिने पुरेल का, दंडात कातडीखाली बसवलेली कांडी वर्षभर चालेल का, एवढाच प्रश्न असतो. लागू पडणारं औषध हाताशी असताना मुलांना खोटं इंजेक्शन देणं नीतीला धरून नाही, त्यामुळे अशा चाचण्यांत बहुधा प्लासिबो नसतो. ट्रिप्टोरेलिनच्या सहामाही इंजेक्शनला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती ४४ मुलांच्या चाचणीवर. सहाव्या महिन्यात त्यांतल्या सुमारे ९३ टक्के मुलांची पिट्युटरी शांत होती.

४४ हा आकडा मात्र डोळ्यांआड करू नये. एवढ्या मुलांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो शंभरातल्या सहा-सात जणांना होत असेल ही शक्यता गणिताने पुसली जात नाही. आजार दुर्मीळ, त्यामुळे मुलं थोडी. इलाज नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ट्रायलमध्ये मोजतात ते रक्तातलं एलएच, म्हणजे पिट्युटरी ज्या संप्रेरकाने बीजकोशाला किंवा वृषणाला हुकूम देते ते. उत्तेजक इंजेक्शन देऊनही ते ४ किंवा ५ युनिटच्या वर गेलं नाही, तर औषध पास. आईवडिलांना हवी असते उंची. इस्ट्रोजेन हे बीजकोशातलं संप्रेरक हाडांची वाढती टोकं लवकर बंद करतं, म्हणून आठव्या वर्षी वर्गात सगळ्यांत उंच दिसणारी मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते. पण अंतिम उंची कळायला आणखी सात-आठ वर्षं लागतात. तेवढी वाट कुठली ट्रायल पाहत नाही. सहाच्या आधी सुरुवात झालेल्या मुलींना उंचीचा फायदा जास्त मिळतो. नंतरच्यांत तो मुलीगणिक बदलतो. हे डॉक्टरांकडून स्पष्ट वदवून घ्यावं.

प्रत्येक मूल ट्रायलमध्ये बसतंही नाही. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून काढलेलं हाडांचं वय खऱ्या वयाच्या पुढे असावं लागतं. बिघाड मेंदूत नसून थेट बीजकोशात किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत असेल, तर हे औषध चालतच नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली, तर आधी तिचा विचार.

मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट भाग सुईचा. एलएचच्या तपासणीत तासा-दोन तासांत अनेकदा रक्त घेतात, पण शिरेत एकच नळी ठेवून. किती घ्यायचं यालाही मर्यादा असते: युरोपातल्या शिफारशीप्रमाणे एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्का, ४ आठवड्यांत ३ टक्के. पंचवीस किलोच्या मुलाचं एकूण रक्त साधारण दोन लिटर, म्हणजे एका वेळी २० मिलीलिटर.

सही आईवडिलांची, पण होकार मुलाचाही हवा. सातेक वर्षांपासून तो विचारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. इथे एक फसगत होते. शरीर अकरा वर्षांचं दिसतं म्हणून मोठी माणसं तिच्याशी अकरा वर्षांच्या मुलीसारखी बोलतात. ती सातचीच आहे. तिला चित्र काढून सांगा, आणि ‘नको’ म्हणाली तर ते ऐका. मधूनच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात. पहिल्या काही आठवड्यांत औषध आधी पिट्युटरीला डिवचतं, मग निजवतं. त्या काळात थोडा रक्तस्राव झाला तर रात्री फोन कोणाला करायचा? आणि औषध बंद केल्यावर पाळी साधारण वर्ष-दीड वर्षाने येते, तेव्हा ट्रायलची फाइल बहुधा बंद झालेली असते. तोवर मुलीकडे कोण बघणार?