वारा गार, तरी ऊन भाजतंच

मे महिना सुरू झाला की आमच्या शेजारच्या काकू गच्चीवर पापड घालतात. भर दुपारी उघड्या डोक्यानं बसलेल्या बघून "काकू, ऊन लागतंय," म्हटलं, तर म्हणाल्या, "ऊन कुठंय ओ, वारा सुटलाय की!"

बेळगावात आपण सगळे इथंच फसतो. कातडी भाजतात ते अतिनील किरण, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. वाऱ्यानं घाम वाळतो, अंग गार राहतं, किरण मात्र तेवढेच पडतात. त्यात आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. दर 1000 मीटरमागे हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ज्या उंचीमुळं हवा गार, तिच्यामुळंच ऊन जास्त तिखट. वळवाचे पातळ ढग आले तरी बरेचसे किरण त्यातून खाली येतात.

म्हणून हवेवर नाही, सावलीवर भरवसा ठेवावा. काकूंच्या पाण्याच्या तांब्याकडं बघितलं, साडेबाराला त्याची सावली पार बुडाखाली गेली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, आणि तेही बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तोवर ऊन घातक समजावं. मे महिन्यात ती वेळ साधारण साडेनऊ ते साडेतीन.

खानापूर, येळ्ळूरकडं धूळवाफ पेरणीला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरायला, निघालेल्यांना घरात बसा म्हणून कसं चालेल? त्यांची मला खरी काळजी वाटते. गांधी टोपीनं डोकं झाकतं; कान, मान, डोळे उघडेच राहतात. टोपीवरून जाड टॉवेल मानेपर्यंत सोडावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. कापड बल्बसमोर धरून बघा, उजेड आरपार दिसला तर किरणही शिरणार. पातळ सुती कापड ओलं केलं की गार वाटतं, पण त्यातून किरण जास्त आत येतात. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, डोळ्यांना ते नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हानं मोतीबिंदूचा धोका वाढतो. सनस्क्रीन लावणार असाल तर एसपीएफ (ऊन अडवण्याचं माप) 30 चं, भरपूर, आणि दर दोन तासांनी पुन्हा.

काकू आता आठलाच पापड घालतात आणि जिन्याच्या सावलीत बसून काठीनं कावळे हाकतात.